भुंगेऱ्यांच्या मागावर तीन पावसाळे

२०२१ च्या जून महिन्यात मृगाचा पाऊस सुरू होऊन जेमतेम आठवडा झाला होता. सकाळी देवासाठी फुले काढायला मी परडी घेऊन बागेत गेले, तेव्हा देशी गुलाबाच्या सर्वांत जोमदार झाडाची कोवळी पाने कडेकडेने कुरतडलेली दिसली. काही पानांचे तर नुसते शिरांचे जाळेच उरले होते. अळी असेल असे समजून मी प्रत्येक फांदी उलटसुलट करून पाहिली, पानांच्या मागे पाहिले, बुंध्याशी पाहिले, पण एकही जीव सापडला नाही. पुढचे तीन दिवस हेच घडत राहिले. झाडे रोज थोडी थोडी ओकीबोकी होत होती आणि दिवसा मात्र बागेत सगळे शांत असे.

कराडजवळ कृष्णाकाठच्या गावात आमचे घर आहे. शाळेतून निवृत्त झाल्यावर घरामागच्या तीन गुंठ्यांत मी फुलबाग केली. गुलाबाची चाळीस झाडे, शेवंती आणि निशिगंधाचे वाफे, मोगरा, कडेने जास्वंद आणि कोपऱ्यात सासूबाईंच्या हातचा कडुनिंब, एवढा तिचा पसारा आहे. कुंपणापलीकडे उसाचे शेत आहे आणि त्याच्या बांधावर बाभळी आहेत. हा शेजार मी मुद्दाम सांगते आहे, कारण पुढे जे घडले त्यातले निम्मे या बाभळींशी आणि उसाशी जोडलेले होते.

चौथ्या रात्री नऊच्या सुमारास मी बॅटरी घेऊन बागेत गेले आणि उत्तर समोर आले. गुलाबाच्या पानापानांवर तपकिरी भुंगेरे बसून शांतपणे पाने खात होते. त्यांत दोन प्रकार होते. एक पेराएवढा मोठा, विटकरी-तपकिरी रंगाचा. दुसरा नखाएवढा, राखाडी छटेचा आणि अंगावर बारीक लव असलेला. पानांची जाळी करणारा हा लहान भुंगेरा अ‍ॅडोरेटस वर्गातला आणि मोठा तो हुमणीचा भुंगेरा, होलोट्रिकिया सेराटा, हे मला नंतर कळले. त्या रात्री मी हाताने वीस-पंचवीस भुंगेरे वेचले, डब्यात भरले आणि प्रश्न सुटला असे मानून झोपले.

प्रश्न सुटला नव्हता, हे भाद्रपदात कळले. शेवंतीची रोपे एकामागून एक माना टाकू लागली. पाणी कमी पडले म्हणून जास्त पाणी दिले, मग मर रोग असेल म्हणून ताम्रयुक्त बुरशीनाशक ओतले, तरी रोपे वाळतच राहिली. उसाला पाणी पाजायला आलेले शेजारचे शेतकरी कुंपणाशी थांबून हे पाहत होते. ते म्हणाले, “काकू, पानांकडं काय बघताय? मुळाकडं बघा.” त्यांनी एक वाळके रोप धरून नुसते उचलले आणि ते जमिनीतून अलगद वर आले, कारण त्याला मुळेच शिल्लक नव्हती. तिथली माती त्यांनी खुरप्याने उकरली, तेव्हा इंग्रजी ‘सी’ अक्षरासारखी वळलेली, पांढुरकी, तांबूस-तपकिरी डोक्याची, बोटाएवढी जाड अळी बाहेर पडली. ती मुळे खाणारी हुमणी होती. उसाच्या पट्ट्यात राहूनही हुमणी फुलबागेत येईल, असे माझ्या मनात कधी आले नव्हते. जूनमध्ये रात्री पाने खाणारा भुंगेरा आणि सप्टेंबरात मुळे खाणारी ही अळी हा एकच जीव आहे, हे त्यांनी दोन वाक्यांत सांगितले. मी दोन वेगळ्या शत्रूंशी लढते आहे असे समजत होते आणि लढाई एकाच शत्रूशी होती.

दुसऱ्या दिवशी मी एका कृषी सेवा दुकानात गेले. अळीचे वर्णन ऐकताच दुकानदाराने आतून फोरेट या दाणेदार कीटकनाशकाची जुनी पिशवी आणून समोर ठेवली आणि मूठ-मूठ मातीत मिसळायला सांगितले. फोरेट हे नाव मला परिचित होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात ते अत्यंत घातक अशा सर्वांत वरच्या गटात मोडते आणि केंद्र सरकारच्या २०१८ च्या आदेशानुसार ३१ डिसेंबर २०२० पासून त्यावर आपल्या देशात बंदी आहे. बंदीनंतर नऊ महिन्यांनी ते मला दिले जात होते आणि सोबत हातमोज्यांचाही उल्लेख नव्हता. मी पिशवी परत केली. बागेपासून तीस पावलांवर आमचा आड आहे, त्याचे पाणी आम्ही आजही वापरतो. नातू सुट्टीत आला की त्याच वाफ्यांत माती खेळतो आणि वाफ्यांतून किडे वेचणाऱ्या साळुंक्या दिवसभर तिथेच असतात. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-मजूर दगावले, त्या बातम्या वाचताना झालेली तगमगही मी विसरलेले नाही. देवाला वाहायच्या फुलांसाठी जमिनीत विष पुरायचे नाही, एवढे दुकानातच ठरले. काय करायचे, ते मात्र ठरायचे होते.

त्यासाठी आधी या जिवाचे वर्ष समजून घ्यावे लागले. कृषी विज्ञान केंद्रातल्या तज्ज्ञांना भेटले, शेतकऱ्यांशी बोलले आणि माझ्या वहीत महिन्यांप्रमाणे नोंदी केल्या. हुमणीची एक पिढी साधारण एका वर्षात पूर्ण होते. वळवाची किंवा मृगाची पहिली दमदार सर पडली की जमिनीत दडून बसलेले भुंगेरे दिवे लागणीच्या वेळी बाहेर येतात, कडुनिंब, बाभूळ, बोर अशा झाडांवर जमतात, तिथेच त्यांचे मीलन होते, रात्रभर पाने खातात आणि उजाडण्यापूर्वी पुन्हा मातीत शिरतात. मादी ओलसर मातीत चार बोटे खोल एकेक करून साबुदाण्यासारखी पांढरी अंडी घालते आणि एका मादीची अंडी पन्नास-साठपर्यंत जातात. दहा-बारा दिवसांनी निघणारी अळी सुरुवातीला कुजलेल्या पाल्यावर आणि बारीक मुळांवर जगते. दोनदा कात टाकून ऑगस्टनंतर ती जाड होते, तेव्हा तिची भूक आवरत नाही. पावसाळा सरल्यावर ती खोल जाऊन कोष करते, हिवाळ्यात त्यातून भुंगेरा तयार होतो आणि तो पुढच्या पावसाची वाट पाहत जमिनीतच पडून राहतो. हे सगळे वहीत लिहिल्यावर मला प्रथमच जाणवले की, हा जीव वर्षातले बहुतेक दिवस आपल्या दृष्टीआड असतो आणि उघड्यावर, आपल्या हाती लागेल असा, फक्त पावसाच्या सुरुवातीच्या काही संध्याकाळी असतो. एका मादीला त्या संध्याकाळी धरले तर पन्नास अळ्यांचा पुढचा त्रास वाचतो. सप्टेंबरात रोपे माना टाकू लागल्यावर धावपळ करणे म्हणजे तीन महिने उशिरा जागे होणे होते.

पहिल्या वर्षी मी तशी उशिराच जागी झाले होते, तेव्हा हाताने वेचण्याखेरीज फारसे काही उरले नव्हते. ऑक्टोबरात शेवंतीचा दहा बाय चार फुटांचा वाफा आम्ही पूर्ण उकरला आणि त्यातून ४१ अळ्या निघाल्या. त्या साबणाच्या पाण्यात टाकल्या. मग जानेवारीत रिकामे वाफे टिकावाने हातभर खोल खणून ढेकळे तशीच उन्हात पडू दिली. त्या आठवड्यात बागेत जी पाखरांची गर्दी झाली, ती मी आयुष्यभर विसरणार नाही. साळुंक्या आणि कावळे तर होतेच, पण एरवी नांगरामागे फिरणारे गायबगळेही कुंपण ओलांडून आले आणि एक हुदहुद रोज सकाळी येऊन आपली लांब चोच मातीत खुपसून काहीतरी ओढून काढत असे. फोरेटच्या दाण्यांची ती पिशवी मी घरी आणली असती, तर हीच पाखरे विष खाल्लेल्या अळ्या गिळत असती.

२०२२ च्या मे महिन्यात मी तयारीत होते. वळवाची पहिली मोठी सर पडली त्या संध्याकाळी, सव्वासातच्या सुमारास, अंधार दाटू लागताच बाभळीभोवती भुणभुण सुरू झाली. मी आणि यजमानांनी कडुनिंबाखाली जुनी पांढरी चादर पसरली आणि काठीला आकडा बांधून फांद्या जोरात हलवल्या. भुंगेरे टपटप पडले. पडल्यावर ते काही क्षण निपचित राहतात, तेवढ्यात चादरीची टोके उचलून त्यांना बादलीत ओतायचे. बादलीत पाणी आणि थोडी कपडे धुण्याची पावडर होती. साध्या पाण्यावर भुंगेरा तरंगतो आणि काठाने चढून निसटतो, साबणाच्या पाण्यात तो बुडतो. रॉकेल टाकण्याची जुनी पद्धत आहे, पण रॉकेल मिसळलेले पाणी नंतर कुठे ओतायचे हा प्रश्न राहतो, साबणात तो फारसा येत नाही. पहिल्या संध्याकाळी ६४ भुंगेरे मिळाले, दुसऱ्या संध्याकाळी ९०, मग पाऊस उघडला तशी संख्या घटली आणि मृगाच्या सरींनी पुन्हा वाढली. असे जवळपास तीन आठवडे चालले. शेजारच्या शेतकऱ्यांनाही मी बाभळीखाली चादर घालायला सांगितले. ते आधी हसले, पण दुसऱ्या दिवशी आले.

प्रकाश सापळ्याच्या बाबतीत मात्र माझ्याकडून मोठी चूक झाली. दिव्याकडे भुंगेरे येतात हे ऐकून मी गुलाबांच्या अगदी मधोमध बांबूला बल्ब टांगला आणि खाली साबणाच्या पाण्याचे घमेले ठेवले. भुंगेरे आले, भरपूर आले, पण घमेल्यात जेवढे पडले त्याहून अधिक आजूबाजूच्या गुलाबांवर उतरले. बाहेरचे पाहुणे मीच दिवा लावून बोलावले होते आणि सकाळी त्या दिव्याभोवतीची सहा झाडे सर्वांत जास्त खाल्लेली होती. दुसऱ्या दिवशी सापळा बागेपासून दूर, आडापलीकडच्या मोकळ्या फरशीवर नेला. दिवा सात ते नऊ एवढाच वेळ लावायचा, हेही घमेले तपासूनच ठरवले. हुमणीचे भुंगेरे बहुतेक त्या दोन तासांत येतात, त्यानंतर घमेल्यात पतंग आणि निरपराध किडेच अधिक दिसू लागतात. सापळा हलवल्यावर एक आनंदाची गोष्ट घडली. दिव्याखाली दोन भेक येऊन बसू लागले आणि घमेल्याबाहेर पडणारा प्रत्येक भुंगेरा टिपू लागले. बाभळीवरचा पिंगळाही अधूनमधून फरशीवर झेप घेई.

कडुनिंबाबद्दलही माझा समज बदलावा लागला. कीड म्हटली की कडुनिंब, हे आपल्या मनावर लहानपणापासून ठसलेले असते, म्हणून पहिल्या वर्षी मी गुलाबांच्या बुंध्याशी कडुनिंबाचा पाला अंथरला होता. पण हुमणीचा भुंगेरा कडुनिंबाचीच पाने आवडीने खातो. त्याला हाकलायला मी त्याचे जेवण वाढले होते. मग २०२२ मध्ये हीच गोष्ट उलटी वापरली. संध्याकाळी कडुनिंबाचे ताजे डहाळे तोडून ओल्या मातीच्या कुंड्यांत खोचायचे आणि सापळ्याजवळ ठेवायचे. त्यांवर जमलेले भुंगेरे झटकायला फार सोपे जाते. निंबोळीची गोष्ट वेगळी आहे. निंबोळीच्या बीमधील अ‍ॅझाडिरॅक्टिन किडींची भूक मारते आणि लहान अळ्यांची वाढ बिघडवते. पन्नास ग्रॅम निंबोळी पावडर लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवून, फडक्यातून गाळून, चिमूटभर साबणचुरा घालून केलेला अर्क मी लहान राखाडी भुंगेऱ्यांसाठी गुलाबावर संध्याकाळी फवारते. त्याने पाने खाणे कमी होते, थांबत नाही. पाऊस पडला की अर्क धुऊन जातो आणि पुन्हा फवारावा लागतो.

शेणखताचा धडा मी उशिरा शिकले. पहिल्या वर्षी शेवंतीला दिलेले खत अर्धकच्चे होते आणि अशा खतातून अंडी व अळ्या थेट वाफ्यात येतात. आता नवे खत आले की ते आधी प्लॅस्टिकच्या कागदावर पातळ पसरते आणि दोन दिवस कोंबड्यांना त्यात मोकळे सोडते. मात्र खतात दिसणारी प्रत्येक पांढरी अळी हुमणी नसते. काही अळ्या कुजलेल्या पाल्यावरच जगतात आणि खत तयार होण्यास मदत करतात. त्या ओळखण्याची एक साधी रीत मला कृषी विज्ञान केंद्रात सांगितली गेली. अळी सपाट फरशीवर ठेवायची; जी पाठीवर उताणी होऊन सरपटत जाते ती खतातली निरुपद्रवी अळी, तिला परत खतात सोडायचे. हुमणी तशी उताणी चालत नाही, ती कुशीवर वळून पडते. पहिल्यांदा ती उताणी धावणारी अळी पाहिली तेव्हा मला विलक्षण कौतुक वाटले आणि आदल्या वर्षी अशा किती अळ्या मी साबणाच्या पाण्यात टाकल्या असतील या विचाराने वाईटही वाटले.

वेचूनही सुटलेल्या माद्यांच्या अंड्यांचे काय, याचे उत्तर मेटारायझियम या बुरशीत मिळाले. हा उपाय अलीकडचा नाही. इल्या मेचनिकोव्ह या शास्त्रज्ञाने १८७९ मध्ये ओडेसा परिसरात गव्हाच्या भुंगेऱ्याच्या अळ्यांवर ही बुरशी वापरून पाहिली होती. बुरशीचे बीजाणू अळीच्या कातडीला चिकटतात, तिथे रुजून आत शिरतात आणि अळीला आतून पोखरतात. मेलेल्या अळीवर पुढे हिरवी भुकटी धरते आणि तीच पुढच्या अळीपर्यंत पोहोचते. पहिल्या वर्षी, सप्टेंबरात, मी घाईने एक पाकीट आणून वापरले आणि काहीच झाले नाही. कारणे नंतर उमगली. पाकीट दुकानाच्या खिडकीत उन्हात पडलेले होते, वाफ्याची माती वरवर ओली व आत कोरडी होती, अळ्या मोठ्या झाल्या होत्या आणि मुख्य म्हणजे चारच दिवसांपूर्वी मी त्याच वाफ्यात बुरशीनाशक ओतले होते. जिवंत बुरशी सोडायची आणि आधी तिच्याच मरणाचे औषध पेरून ठेवायचे, असा तो प्रकार होता.

२०२२ च्या जूनअखेर, अंड्यांतून अळ्या निघण्याच्या बेतात असताना, ताजे आणि थंड जागी ठेवलेले पाकीट आणले. पाच किलो चाळलेल्या, ओलसर, पूर्ण कुजलेल्या खतात शंभर ग्रॅम भुकटी मिसळली, त्यावर थोडे गुळाचे पाणी शिंपडले आणि ढीग आठवडाभर सावलीत गोणपाटाखाली झाकून ठेवला. गोणपाट रोज किंचित ओले करत राहिले. मग ढगाळ संध्याकाळी ते खत सर्व वाफ्यांत मुळांपाशी चार बोटे खोल मिसळले. ऑगस्टमध्ये लिटरला दहा ग्रॅम या प्रमाणात पुन्हा एकदा ओतले. ऑक्टोबरात तोच वाफा उकरला तेव्हा १७ अळ्या निघाल्या आणि त्यांतल्या ५ मेलेल्या होत्या. दोघींच्या अंगावर शेवाळासारखा हिरवा थर होता. मी त्या तळहातावर घेऊन बराच वेळ पाहत राहिले आणि जिथे सापडल्या तिथेच पुन्हा मातीत ठेवल्या. घट सगळी बुरशीमुळे झाली असे मी म्हणणार नाही, कारण त्याआधी तीन आठवडे आम्ही भुंगेरे वेचले होते. पण त्या हिरव्या अळ्यांचे कारण दुसरे असू शकत नव्हते. याच कामासाठी हेटेरोऱ्हॅब्डिटिस या उपयुक्त सूत्रकृमींची, म्हणजे अळ्यांना मारणाऱ्या अतिसूक्ष्म कृमींची, भुकटीही मिळते, ती मी एकदा निशिगंधाच्या वाफ्यात वापरली आहे. तीही संध्याकाळी आणि ओल्या मातीतच द्यावी लागते, कारण उन्हाने सूत्रकृमी मरतात.

जास्वंदीवरचे हिंगे हा वेगळाच विषय आहे. काळ्या अंगावर नारिंगी पट्टे असलेले हे भुंगेरे भर दिवसा येतात, नेमके गणपतीच्या दिवसांत, आणि लाल जास्वंदीच्या पाकळ्या व केसर खाऊन फूल विद्रूप करतात. पहिल्या वर्षी मी एक हिंगा उघड्या हाताने चिमटीत धरला. त्याच्या पायांच्या सांध्यांतून पिवळसर थेंब निघाला आणि संध्याकाळपर्यंत मनगटावर मोठा फोड आला. त्या द्रवात कॅन्थॅरिडिन नावाचे दाहक द्रव्य असते, म्हणून हिंगे कधीही उघड्या हाताने धरू नयेत आणि अंगावर बसल्यास चिरडू नयेत, फुंकरीने उडवावेत. मी आता रबरी हातमोजे घालते आणि सकाळी थंडाव्यात, ते सुस्त असताना, फुलाखाली डबा धरून टिचकीने पाडते. परंतु यांना सरसकट मारावे असेही मला वाटत नाही, कारण त्यांच्या अळ्या जमिनीतली नाकतोड्यांची अंडी खाऊन वाढतात. त्यामुळे उत्सवाचे दहा दिवस सोडले तर कुंपणापलीकडच्या रानफुलांवरच्या हिंग्यांना मी हात लावत नाही. गणपतीसाठी हव्या असलेल्या कळ्यांना आदल्या संध्याकाळी मलमलच्या लहान पिशव्या बांधते आणि फुले उन्हे चढण्याआधी काढते. गुलाबाच्या पाकळ्यांत दिवसा शिरणारे लाल-काळे फूल-भुंगेरेही याच सकाळच्या फेरीत वेचले जातात.

या फेऱ्यांमुळे बागेतले इतर भुंगेरेही नीट दिसू लागले. गुलाबाच्या शेंड्यांवर मावा आला की पाठोपाठ लाल पाठीचे, काळ्या ठिपक्यांचे ढालकिडे येतात. तेही भुंगेरेच आहेत आणि त्यांच्या काळसर, काटेरी अळ्या मावा फस्त करतात. एकेकाळी याच अळ्या कीड समजून मी चिरडत असे. भुंगेऱ्यांवरचे विषारी औषध फवारले असते तर तेही मेले असते आणि माव्यासाठी दुसरे औषध आणावे लागले असते.

२०२३ मध्ये त्याच वाफ्यात ६ अळ्या सापडल्या. शेवंतीची चार रोपे गेली, गुलाबांना जूनमध्ये थोडी कुरतड लागली. बाग पूर्णपणे कीडमुक्त झालेली नाही आणि होणारही नाही, कारण उसातून आणि बाभळींवरून भुंगेरे दर वर्षी उडत येणारच आहेत. एकट्या घराने चादर घालून भागत नाही, हे लक्षात आल्यावर शेजारच्या दोन घरांना मी वहीतले आकडे दाखवले आणि तिन्ही घरांनी मिळून बाभळी वाटून घेतल्या. मुलांना हे काम फार आवडते. मोजदाद त्यांच्याकडे आणि हातमोजे सक्तीचे, असा नियम केला आहे.

यंदा रोहिणी नक्षत्रातच पहिली मोठी सर आली. अंधार पडता पडता तिन्ही घरांच्या चादरी पसरल्या गेल्या आणि साडेआठपर्यंत सगळ्यांच्या बादल्यांत मिळून ५८ भुंगेरे जमले. ते दुसऱ्या दिवशी कोंबड्या नसलेल्या घराच्या खतखड्ड्यात खोल पुरले. सकाळी गुलाबांची पाहणी केली तेव्हा कुंपणाकडच्या झाडाची आठ-दहा पाने खाल्लेली होती. वहीत तेवढे लिहिले आणि चादर वाळत घातली, कारण संध्याकाळी पुन्हा आभाळ भरून येण्याची चिन्हे होती.